ओजेटीचे क्रेडिट पोरांना, शिकवणाऱ्या मिस्तरीला काय?

तासिकावाला (यवतमाळ जिल्हा)

मंडळी, मी तालुक्याच्या गावी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवतो. नवीन धोरणात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग, कामावरचं प्रशिक्षण) आलं, चार क्रेडिटचं. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे १२० तास पोरांनी कुठंतरी प्रत्यक्ष काम करायचं. पुण्या-मुंबईकडं कंपन्या आहेत, आमच्याकडं जिनिंग, दाल मिल आणि पतसंस्था. शेवटी दोन पोरांना बसस्टँडमागच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात पाठवलं.

दुकानाचा मिस्तरी नववी नापास. हाताखाली शिकता शिकता मालक झालेला. मी पोरांची हजेरी बघायला गेलो तेव्हा त्यानं एक जळालेला स्टेटर (मोटारीचा कॉइल भरलेला, न फिरणारा भाग) पोरांपुढं ठेवला होता. "कशानं जळाली, सांगा." पोरं म्हणाली, ओव्हरलोड. तो म्हणे, "ओव्हरलोड असता तं तिन्ही फेजच्या कॉइला सारख्या करपल्या असत्या. इथं दोन काळ्या अन् एक कोरी. मोटार स्टारमधी हाय. म्हंजे एक फेज गेल्ता अन् मोटार तशीच घुमत राह्यली. डेल्टा असती तं एकच जळाली असती." स्टार आणि डेल्टा म्हणजे तिन्ही फेजच्या कॉइल जोडायच्या दोन पद्धती. हे मी फळ्यावर समीकरणं मांडून शिकवतो, आणि अर्ध्या वर्गाच्या डोक्यावरून जातं. मग त्यानं जुन्या तारेचे वेढे मोजले, गेज लावून जाडी पाहिली, तांबं तोललं आणि एका मळक्या वहीत लिहून ठेवलं. ती वही म्हणजे तालुक्यातल्या मोटारींचा दवाखान्याचा रेकॉर्ड आहे.

शेवटी पोरांच्या पूर्ततेच्या दाखल्यावर त्याची सही, दुकानाचा शिक्का. विद्यापीठाला चालला. त्यानंतर त्यानं मला विचारलं, "सर, माह्या सहीनं यायले मार्क भेटते. मले काही भेटते का?"

त्याला कंत्राटं घ्यायची आहेत, तिथं कागद मागतात. आणि मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही डिप्लोमा कराच.

कागदावर पाहिलं तर २०२३ ची राष्ट्रीय श्रेयांक (क्रेडिट) चौकट अनुभवातून आलेलं शिक्षणही मोजता येतं म्हणते. उच्च शिक्षणात पूर्वशिक्षणाला मान्यता देण्याच्या सूचनांचा मसुदा यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) काढला आहे. पण आपल्या भागात असं कुणाला खरंच मिळालंय का? आणि द्यावं का? दोन्ही सांगा.

---

वऱ्हाडी_मिर्ची (अकोला)

सर, पहिले हे सांगा का तुमाले किती भेटते? तुमी बी तासावर, क्रेडिट बी तासावर. त्या मिस्तरीचं दुकान तुमच्यापेक्षा बरं चालत असंन.

---

तासिकावाला

त्यावर वेगळा धागा काढू. तो हजार प्रतिसादांच्या खाली थांबणार नाही.

---

परखड (अमरावती)

मी वीस-बावीस वर्षं परीक्षक म्हणून काम केलं आहे, त्यामुळे थोडं कडू बोलतो. मिस्तरी हुशार आहे, वाद नाही. पण त्यानं जे सांगितलं ते एका यंत्राबद्दल. डिप्लोमाला ट्रान्सफॉर्मर आहे, मापन आहे, संरक्षण आहे, गणित आहे. दोन कॉइल का जळतात हे त्याला कळतं. पण नवीन प्रकारची मोटार आली, त्याच्या वहीत नसलेली, तर? पदवी म्हणजे न पाहिलेल्या प्रश्नाला भिडायची तयारी.

आणि दुसरं. गावातली जी पोरगी रोज एसटीनं तीस किलोमीटर येऊन तीन वर्षं बसते, तिला काय सांगायचं?

---

बिनधास्त_बुलढाणा

तिला सांगायचं की एसटी वेळेवर येत नाही त्याचेही क्रेडिट मिळतील.

---

जंगलवाट (गडचिरोली)

परखड सर, न पाहिलेल्या प्रश्नाला भिडायची तयारी म्हणता, तर दादाजी खोब्रागडे आठवा. नागभीड तालुक्यातलं नांदेड गाव, शाळा तिसरीपर्यंत. १९८३ च्या सुमारास पटेल-३ धानाच्या शेतात दोन-तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या वेगळ्या काढल्या, दरवर्षी निवडून निवडून लावल्या, आणि त्यातून एचएमटी धान उभा राहिला. घड्याळाच्या नावावरून नाव. आज त्या तांदळाचा भात नागपूर-रायपूरकडं कुणाच्या ताटात नाही? निवड, वेगळं ठेवणं, पिढ्यान् पिढ्या तपासणं, हे संशोधन नाही तर काय?

पुढं कृषी विद्यापीठानं त्याच बियाण्यावरून १९९८ मध्ये पीकेव्ही-एचएमटी ही जात प्रसारित केली आणि श्रेयावरून वाद झाला, तो सगळ्यांना माहीत आहे. दादाजींना पुरस्कार मिळाले, २०१० मध्ये फोर्ब्सच्या यादीत नाव आलं, २०१८ च्या जूनमध्ये गेले. म्हातारपण हलाखीत गेलं. त्यांना पदवी नको होती. पण त्या बियाण्याच्या कागदावर त्यांचं नाव पहिल्या दिवसापासून असतं तर?

म्हणजे माझ्या मते प्रश्न नुसता मिस्तरीला डिप्लोमा द्यायचा नाही. ज्ञान कुणाच्या नावावर चढतं, हा आहे.

---

धानपट्टा (भंडारा)

जंगलवाट, जे बात! 🙏

आमच्याकडचं सांगतो. आमच्या भागात मालगुजारी तलाव शेकड्यांनी, जुन्या काळी कोहळी लोकांनी बांधलेले. एम.एस्सी. प्राणिशास्त्राची पोरं आमच्या गावच्या तलावावर प्रकल्पाला आली होती. जाळं, बाटल्या, कॅमेरे, सगळं. ढिवर मोहल्ल्यातली एक काकू सोबत दिली. ती पाण्यात कमरेएवढी उतरली, पायानं चाचपत एक एक वनस्पती उपटून काठावर टाकत गेली. ही अमुक मासा खातो, हिच्यात तो अंडी घालतो, ही वाढली की मासा कमी होतो, बेशरमाचं झुडूप तलावात शिरलं की संपलं. पोरांच्या वहीत लॅटिन नावं होती, पण समोरची वनस्पती कोणती ते काकूला विचारून लिहीत होते.

अहवाल छापून आला. आभारात 'स्थानिक मच्छीमार' असा एक शब्द. काकूचं नाव पण नाही.

---

परखड

ही गोष्ट पटते. आभारात नाव नसणं चूकच. पण नाव देणं वेगळं आणि क्रेडिट देणं वेगळं. दोन्हींचा गोंधळ नको.

---

पशुसखी (वर्धा जिल्हा)

मी नेहमी वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

मी बचत गटातून पशुसखी झाले. दहावी पास, लग्न झालं, पुढं राहिलं. चार गावच्या शेळ्या बघते. जंतनाशक कधी द्यायचं, किती वजनाला किती, पीपीआर या शेळ्यांच्या साथीच्या रोगाची लस डॉक्टर येतात तेव्हा कळपातली कोणती शेळी गाभण आहे, कोणती आजारी आहे म्हणून आज वगळायची, हे सगळं मीच सांगते. आंत्रविषार पावसाच्या तोंडावर हिरवा कोवळा चारा लागला की कसा येतो ते मला पुस्तकातून नाही, मेलेल्या बोकडांवरून कळलं. प्रशिक्षणं झाली, प्रत्येकाचं प्रमाणपत्र आहे. लॅमिनेशन करून ठेवलं आहे सगळं.

तालुक्याला एका ठिकाणी विचारलं की यातलं काही धरून मला पशुधनाच्या कोर्सला पुढं घेता येईल का. समोरच्या सरांनी प्रमाणपत्रं हातात घेतली, उलटून पाहिली, म्हणाले, "ताई, हे तुमच्या गटाचं आहे. बारावी सायन्स आहे का?"

नाही म्हटलं. झालं.

---

वऱ्हाडी_मिर्ची

ताई, हे काही खरं नाई. मेलेल्या बोकडावरून शिकलं म्हन्ता, त्याले विद्यापीठात शवविच्छेदन म्हन्तेत अन् त्याचे मार्क वेगळे.

---

बिनधास्त_बुलढाणा

आमच्या बाबांना सांगितलं, कॉलेजवाले एबीसी आयडी काढा म्हणतात, क्रेडिट बँक आहे. बाबा म्हणाले, पीककर्ज तिथून मिळते का बघ.

---

सातासमुद्रापार (मूळ वणी, सध्या फ्रान्स)

इकडं हे बऱ्याच पुढं गेलेलं आहे म्हणून लिहितो. फ्रान्समध्ये २००२ च्या कायद्यानं अनुभवाच्या जोरावर पूर्ण पदविका किंवा पदवी मिळू शकते. काही क्रेडिटची सूट नव्हे, अख्खी पदवी. तुम्ही आपल्या कामाची फाइल लिहायची, मग परीक्षक मंडळापुढं बसायचं. त्या मंडळात प्राध्यापक असतात आणि त्याच धंद्यातले लोकही असतात. ते सगळं मान्य करतात, नाहीतर अर्धं मान्य करून उरलेलं अमुक शिकून या म्हणतात.

पण गोडवा एवढाच नाही. आमच्या शेजारी एक बाई वृद्धाश्रमात काम करतात. त्यांनी अर्ज केला आणि मध्येच सोडला. काम येत होतं, फाइल लिहिता येईना. मी काय करते, का करते, चुकलं तर काय करते, हे पन्नास-साठ पानं लिहायचं. ज्याला लिहिता येतं त्यालाच अनुभव आहे असं ठरतं की काय, असं त्या म्हणाल्या. तासिकावाला, तुमच्या मिस्तरीची ती मळकी वही जपून ठेवायला सांगा. इकडच्या मंडळानं ती पाहून टाळ्या वाजवल्या असत्या.

---

परखड

धंद्यातले लोक परीक्षक मंडळात, हा मुद्दा आवडला. इथं नेमकं तेच अडेल. मोटार वाइंडिंगची परीक्षा घ्यायला विद्यापीठ कोणाला पाठवेल? ज्यानं आयुष्यात पाना धरला नाही त्याला. तो मग पुस्तकातली व्याख्या विचारेल, मिस्तरी गप्प बसेल, नापास.

---

वऱ्हाडी_मिर्ची

परखड सर आमच्या बाजूनं आले! कोनीतरी पेढे आना.

---

परखड

बाजूनं नाही. प्रश्न मोठा केला.

---

कपाशीवाली (दारव्हा)

माझी सासू बारावी नव्हती. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम होता तेव्हा. ते करून बी.ए.ला बसल्या. रविवारी अभ्यासकेंद्रावर जायच्या, डब्यात भाकर-ठेचा. गावातले लोक हसायचे, म्हणायचे, आता काय कलेक्टर होते का. पहिली परीक्षा पास झाल्यावर पंचायतीत निवडून आल्या, मग कुणी हसलं नाही.

म्हणजे दार उघडं ठेवणारे लोक आपल्याकडं आधीही होते. १९८९ पासून ते विद्यापीठ आहे. बारावीची अट म्हणजे जणू भिंतच, असं आता सगळे धरून चालतात.

---

निवृत्त_निदेशक (नागपूर)

मी आयटीआयमध्ये शिल्प निदेशक होतो, इलेक्ट्रिशियन आणि वायरमन. या धाग्यावर सगळे विद्यापीठाकडं बघत आहेत, म्हणून थोडं खालच्या पायरीचं सांगतो.

आयटीआयच्या अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला खासगी उमेदवार म्हणून बसायची सोय आहे. आयटीआयत न बसता. संबंधित व्यवसायातला अनुभव दाखवावा लागतो आणि त्या ट्रेडची शैक्षणिक अट पूर्ण हवी. इलेक्ट्रिशियनला दहावी लागते, विज्ञान-गणितासह. पण वायरमनला आठवी पास चालते.

तासिकावाला, तुमचा मिस्तरी नववी नापास म्हणजे आठवी पास. 🙂

---

बिनधास्त_बुलढाणा

या धाग्यावरचं सगळ्यात भारी वाक्य.

---

निवृत्त_निदेशक

पुढचं ऐका. दोन वर्षांच्या ट्रेडचं प्रमाणपत्र असलेल्या आठवी पास माणसाला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेकडून दहावीची समकक्षता घेता येते. भाषा वगैरे एक-दोन विषय द्यावे लागतात, सगळी दहावी पुन्हा नाही. दहावी आणि दोन वर्षांचं आयटीआय असलं की तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाचा मार्ग आहे. त्याच्या अटी दरवर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघायच्या.

म्हणजे डिप्लोमाला जायची वाट आहे, पण पांदणरस्त्यासारखी आहे. पावसाळ्यात गाडा फसतो. फसण्याची जागा सांगतो: अनुभवाचा दाखला. कारखान्यात नोकरीला असेल तर मॅनेजर सही करतो. ज्याचं स्वतःचं दुकान आहे त्याला दाखला कोण देणार? माझ्याकडं असे कितीतरी मिस्तरी येऊन परत गेले. तीन-तीन पोरं हाताखाली तयार केलेले, आणि स्वतःच्या अनुभवाला साक्षीदार नाही.

---

जंगलवाट

सर, दंडवत. ही माहिती वेगळा धागा करून वर चिकटवा.

---

नागपुरी_तर्री

सरकारी कौशल्य योजनांत 'पूर्वज्ञान मान्यता' बरीच वर्षं चालू आहे, त्याचाही अनुभव सांगतो. मी एका संस्थेत मूल्यमापनाच्या कामाला होतो. नाव घेत नाही. गवंडी लोकांना जमवायचं, टोपी आणि टी-शर्ट द्यायचा, बॅनरसमोर फोटो, तोंडी चार प्रश्न. भिंत बांधून दाखवायला सांगायचं तर विटाच आणलेल्या नसायच्या. मी एकदा विटा मागितल्या, तर मला पुढच्या गावी पाठवलं नाही. गवंड्यांना प्रमाणपत्र आलं, त्यावर मजुरी एक रुपया वाढली नाही. एका म्हाताऱ्या गवंड्यानं मला सांगितलं, टोपी चांगली होती, उन्हात कामी आली.

उच्च शिक्षणात हेच झालं तर? गावोगाव 'अनुभव द्या, पदवी घ्या' च्या पाट्या लागतील. एजंट तयारच आहेत.

---

पशुसखी

भीती खरी आहे. पण एजंट येतील म्हणून आम्ही दारातच बसायचं का? नियमित पदव्यांत एजंट नाहीत असं कोण म्हणेल.

---

परखड

पशुसखी ताई, यावर माझ्याकडं उत्तर नाही, आणि मी त्या खात्यातला आहे.

---

वऱ्हाडी_मिर्ची

आता एक महत्त्वाचा सवाल. पाणाड्याले किती क्रेडिट? आमच्या गावात एक हाय, हातावर नारळ ठेवते, नारळ उभा झाला का म्हन्ते, इथं बोअर मारा. दोनशे फूट कोरडा. तरी लोक त्यालेच बलावते. त्याचा अनुभव चाळीस वर्साचा हाय, बरं का. अनुभवाचं वजन धरायचं म्हटलं तं त्याचा पीएचडी व्हायले पायजे.

---

धानपट्टा

😂😂

पण गंमत सोडा, मुद्दा बरोबर काढला. अनुभव आणि ज्ञान एकच नाही.

---

अंजनगावकर

पाणाड्यांची बाजू घेतो. नारळ-बिरळ नाटक आहे, पण जे चांगले आहेत ते आधी फिरतात. उंबर कुठं आहे, जुन्या विहिरी कशा लागल्या आहेत, नाल्याचा उतार कुठं. मग येऊन नारळ धरतात. ज्ञान त्या फिरण्यात आहे आणि दक्षिणा नारळाची घेतात. भूजल सर्वेक्षणवाले पण आधी तेच पाहतात, फक्त यंत्र सोबत असतं. आणि त्यांचाही बोअर कधी कोरडा जातो.

---

डॉ_खेड्यातले (चंद्रपूर)

या फाट्यावर मला बोलायचंच होतं. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. 'पारंपरिक ज्ञान' म्हटलं की लोक हळवे होतात, पण नाळेला शेण लावणं हेही परंपरेतूनच येतं आणि बाळ धनुर्वातानं जातं. म्हणून मी म्हणतो, मोजा. आपल्याच भागात त्याचं जगप्रसिद्ध उदाहरण आहे. गडचिरोलीत 'सर्च' मध्ये डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. नवजात बाळाचं वजन, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखणं, इंजेक्शनसुद्धा. ३९ गावांत. आणि नुसतं कौतुक करून थांबले नाहीत, तुलनेची गावं घेऊन मोजलं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तेव्हा कितीतरी मोठे डॉक्टर म्हणत होते, या बायकांच्या हाती सुई कशी द्यायची.

आता माझा प्रश्न. त्या बायकांनी जे शिकलं ते नर्सिंगच्या कोणत्या सत्रात बसतं? बरंचसं बसतं. त्यांपैकी एखादीला जीएनएमला (नर्सिंगच्या पदविकेला) जायचं असतं तर बारावीपासून सुरुवात. श्वास मोजायला ती तिथल्या शिक्षिकेला शिकवू शकली असती.

---

कपाशीवाली

डॉक्टर, आशाताईंचंही हेच. आमच्या गावच्या आशाताईकडं बारा रजिस्टरं आहेत आणि मोबाइलवर वेगळं. माहितीचं काम म्हणून एखादा पदविका कोर्स तिनं केव्हाच पूर्ण केलाय, फक्त तिला कुणी सांगितलं नाही.

---

झाडीपट्टीचा_राजा (वडसा)

आमची झाडीपट्टीची रंगभूमी विसरले सगळे. दिवाळी झाली की वडसा-देसाईगंजला नाटक मंडळ्यांची कार्यालयं गजबजतात, मंडईच्या (गावच्या जत्रेच्या) निमित्तानं गावोगाव रात्रभर नाटक. नट, नेपथ्य, आर्केस्ट्रा, सगळं शिकणं मंडळीत. रात्री दहाला पडदा, पहाटे पाचला संपणार, मध्ये लाइट गेली तरी नाटक थांबवायचं नाही. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, झाडीपट्टीत काम करूनच. नाट्यशास्त्राच्या पदवीला आमच्या एखाद्या पोराला घेताना ही दहा हंगामांची उमेदवारी शून्य का धरायची? पेटी वाजवणाऱ्याला संगीताच्या परीक्षेत बसवा, पाहा काय होतं ते.

---

परखड

पेटीवाला पास होईल. सिद्धान्ताच्या पेपरला अडकेल. आणि मी पुन्हा तेच म्हणेन, सिद्धान्ताचा पेपर उगाच नसतो.

---

झाडीपट्टीचा_राजा

सर, सिद्धान्त शिकायला तर तो येतोय. प्रात्यक्षिकाचं वर्ष माफ करा, सिद्धान्ताचं करू नका. एवढंच मागणं.

---

वऱ्हाडी_मिर्ची

एक गोष्ट कोनाच्या ध्यानात आली का? नागपूरचं विद्यापीठ तुकडोजी महाराजांच्या नावानं, अमरावतीचं गाडगेबाबांच्या नावानं. दोघंही आज फॉर्म भरायले गेले असते तं खिडकीवरच्या बाबूनं म्हटलं असतं, बारावीची मार्कशीट दाखवा.

---

सातासमुद्रापार

😄 मिर्ची भाऊ, हे नेमकं आहे. आणि यूजीसीचं दुसरं टोक बघा. २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' आणलं. आपल्या क्षेत्रात १५ वर्षांचा दांडगा अनुभव असेल तर पदवीशिवाय माणूस विद्यापीठात प्राध्यापक म्हणून शिकवू शकतो. म्हणजे कागदावर तो मिस्तरी पुढच्या दारानं शिकवायला जाऊ शकतो, शिकायला मागच्या दारानंही नाही.

अर्थात त्या पदांवर आतापर्यंत मोठ्या कंपन्यांचे साहेबच दिसतात. ढिवर काकू दिसली तर कळवा.

---

जंगलवाट

गडचिरोलीतलं एक सांगतो. मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाले, देशात अगदी आधी. पण त्याच्याही किती आधीपासून त्या गावात अभ्यासगट चालतो. जंगल कायदा, बांबू, महसूल, सगळं लोकांनी बसून वाचलं, बाहेरच्या जाणकारांना बोलावून विचारलं. गावसभेत निर्णय सगळ्यांच्या संमतीनं. मी तिथल्या बैठकीत बसलो आहे. नियोजन आराखड्यावर बोलणारा माणूस चौथी शिकलेला, आणि बांबूच्या तोडीचं चक्र असं मांडत होता की आमच्या वनशास्त्राच्या वर्गात कुणी मांडलं नाही. गावानं २०११ मध्ये स्वतःच्या वाहतूक परवान्यानं बांबू विकला.

पण त्यांना विचारलं, तुम्हाला पदवी पाहिजे का, तर एकजण म्हणाला, आम्हाला कशाला, तुमच्या पोरांना पाठवा आमच्याकडं, सही आम्ही करू.

---

तासिकावाला

जंगलवाट, हे फारच. पण माझ्या मिस्तरीला सही करून भागत नाही. गावसभेकडं जंगल आहे, मिस्तरीला बँकेसमोर उभं राहावं लागतं. ज्याला कागदाशिवाय चालतं त्याचं उदाहरण देऊन ज्याला कागद लागतो त्याला घरी पाठवायचं, असं होऊ नये.

---

जंगलवाट

मान्य. तो मुद्दा मी घाईत ओलांडला.

---

संपादक मंडळ

पाणाडी, नारळ आणि बोअरबद्दलची पुढची चर्चा वेगळ्या धाग्यावर हलवली आहे. जातीवरून केलेले दोन प्रतिसाद काढले. कुणाचं ज्ञान 'परंपरागत धंदा' आणि कुणाचं 'शास्त्र' ठरतं, यावर जरूर बोला, पण एकमेकांची जात विचारू नका.

---

धानपट्टा

संपादकांनी मोजक्या शब्दांत धाग्याचं मूळ सांगितलं. बुरुडाची टोपली हस्तकला, आणि तीच टोपली डिझाइन संस्थेतल्या पोरीनं केली की उत्पादन संकल्पन. असो.

---

पशुसखी

निदेशक सरांना विचारते. वायरमनसारखी वाट पशुधनात आहे का? दहावी पास आहे मी. नववी नापास नाही, त्यामुळे थोडी जास्त शिकलेली आहे. 🙂

---

निवृत्त_निदेशक

ताई, पशुधन माझं क्षेत्र नाही, खोटं सांगणार नाही. पण बारावीचं अडलं असेल तर ते आधी मोकळं करा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावी करता येते, विषय निवडता येतात. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म (बाहेरून परीक्षेला बसायचा) पण आहे. दोन्हीकडं शेळ्यांचं ज्ञान धरणार नाहीत, एवढं खरं.

---

परखड

इतकं वाचल्यावर माझं म्हणणं थोडं सुधारून मांडतो. मी प्रवेशाला विरोध करत नव्हतो, पदवी वाटायला करत होतो. माणूस आत येऊ द्या. त्याला जे येतं ते प्रात्यक्षिकातून तपासा, विटा आणून, मोटार जाळून, शेळी समोर उभी करून. परीक्षक दोन ठेवा, एक आमच्यातला, एक त्या धंद्यातला, दोघांच्या सह्या. जे येतं तेवढे क्रेडिट खात्यावर घाला. उरलेलं त्यानं वर्गात बसून पूर्ण करावं. स्वयम या सरकारी पोर्टलवरच्या ऑनलाइन कोर्समधून ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट चालतात, तिथं आम्ही कुणी विचारत नाही की पोरानं व्हिडिओ पाहिला की मोबाइल चालू ठेवून झोपला. मग मोटार भरून दाखवणाऱ्याला का विचारतो, याचं उत्तर मला अभ्यास मंडळाच्या बैठकीत देता आलं नाही, म्हणजे गेल्याच महिन्यात विषय निघाला होता.

बैठकीत एक गृहस्थ म्हणाले, "शुल्क किती घ्यायचं ते आधी ठरवा." तिथंच विषय संपला.

---

नागपुरी_तर्री

शुल्क! गवंड्याच्या टोपीचे पैसे वळते होणार.

---

तासिकावाला

परवा मिस्तरीकडं गेलो होतो. निदेशक सरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. आठवीची गुणपत्रिका शोधायला त्यानं बायकोला लोखंडी पेटी उघडायला लावली. सापडली, एका कोपऱ्याला उंदरानं कुरतडलेली, पण शाळेचा शिक्का शाबूत. उद्यम नोंदणी आहे, दुकानाचा ग्रामपंचायतीचा दाखला आहे. अनुभवाच्या दाखल्याचंच अडलं आहे.

---

निवृत्त_निदेशक

शाळेतून आठवीची दुसरी प्रत काढा, कुरतडलेली चालवू नका. जनरल रजिस्टरचा नंबर लिहून न्या, नाहीतर बाबू उद्या या म्हणेल.

अनुभवाचं असं करा. तुमच्या कॉलेजनं ओजेटीसाठी त्याला पत्र दिलं असेलच, अमुक विद्यार्थ्यांना तुमच्याकडं पाठवत आहोत म्हणून. पूर्ततेनंतर आभाराचं पत्रही देतात. ती दोन्ही पत्रं प्राचार्यांच्या सहीनं काढून घ्या. एका महाविद्यालयानं एम.एस्सी.ची पोरं ज्याच्याकडं शिकायला पाठवली, तो त्या कामात आहे याचा तेवढा चांगला पुरावा दुसरा नाही. उद्यम नोंदणीची तारीख, वही, जुनी बिलं, ग्राहकांपैकी एखाद्या सहकारी संस्थेचं पत्र, सगळं एका फाइलीत. अर्ज भरण्याआधी जवळच्या शासकीय आयटीआयत प्राचार्यांना भेटून दाखवा, ते काय मान्य करतात ते आधी विचारा. पुढची जाहिरात कधी ते मी चौकशी करून इथं टाकतो.

आणि वायरमनच्या परीक्षेत घरगुती वायरिंग, अर्थिंग, केबल जोडणी येते. मोटार भरणं त्यात थोडंच आहे. त्याला जुन्या प्रश्नपत्रिका द्या. गणिताला तुम्ही बसवा.

---

तासिकावाला

गणित मी घेतो. तो म्हणाला, फी नाही देणार, घरची मोटार जळाली तर फुकट भरून देईन.

---

वऱ्हाडी_मिर्ची

सर, तासिकेपेक्षा परवडलं हे.

---

पशुसखी

१७ नंबरच्या फॉर्मची तारीख कुणाला कळली तर सांगा. आणि विज्ञान घेतलं तर प्रात्यक्षिक कुठं करायला लागतं? आमच्याकडून वर्ध्याला जायला सकाळची एकच गाडी आहे.

---

परखड

पशुसखी, व्यक्तिगत संदेश पाठवला आहे. तुमच्या तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात माझा विद्यार्थी जीवशास्त्र शिकवतो. बोलून ठेवलं आहे. लॅमिनेशन केलेली प्रमाणपत्रं घेऊन जा. तो निदान उलटून ठेवणार नाही, वाचेल.